ह्यांचं वितळणं

"हात लावू नकोस. तुझे हात फार उबदार आहेत."

हे असं म्हणाले, तेव्हा मी पूजा आटोपून ह्यांच्या कपाळाला अंगारा लावायला वाकले होते. वैशाखातला गुरुवार होता. माजघरातल्या खुर्चीत बसल्या बसल्या हे बर्फ झाले होते. बर्फ चांगला होता, आतून स्वच्छ, फक्त छातीपाशी जरासा दुधी. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात ह्यांचा जन्म गेला, म्हणून मला त्यातलं कळतं. अंगारा मी खुर्चीच्या हाताला लावला.

ह्यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं, आमच्याकडेच असतात. त्या दाराशी आल्या, बघितलं, म्हणाल्या, "नाव भास्कर आणि झाला काय, तर बर्फाची लादी!"

"वन्सं, भुसा आणायला हवा."

"तू आण बाई. मला शिंका येतात."

मी कारखान्यातून भुसा आणि गोणपाट आणलं आणि ह्यांना गळ्यापर्यंत गुंडाळलं. विचारलं, "कारखान्यातच नेऊ का तुम्हाला? तिथं वितळणार नाही."

"नको. तिथं सुरमईच्या शेजारी जन्मभर असाच राहीन. मला वितळायचंय. वितळून झालं की मग हात लाव. तुझी ऊब माझ्यात येत राहील, दोघं एकसारखे होईपर्यंत. तोवर थांबशील?"

"थांबेन," मी म्हटलं. शब्द मी सहज देत नाही. सासूबाईंनी लावून दिलेला देवापुढचा नंदादीप मी लग्नापासून विझू दिलेला नाही. त्यापायी माहेरी एक रात्र काढली नाही.

रोज पूजा झाली की मी ह्यांच्या पायाशी बसायची. हात पदरात गुंडाळून ठेवायची. तापमापक भुशात खोचून बघायची. पारा शून्यावर असायचा. खुर्चीखालचं पाणी वाढत होतं, पारा मात्र तिथंच.

"बाहेर एवढा उन्हाळा," मी म्हणायची. "ती ऊब जाते कुठं?"

"आतले कण एकमेकांना घट्ट धरून बसलेत. त्यांचे हात सोडवण्यातच ती खर्च होते. शेवटचा हात सुटल्याशिवाय मी गरम व्हायला लागणार नाही."

मी माझे हात पदरात आणखी घट्ट धरले.

गारव्यानं घर आकसायला लागलं. थंडीत वस्तू आकसतात हे ह्यांनीच मला पूर्वी सांगितलं होतं. आधी कोनाडे बारीक झाले, मग ओटी गेली. देवघर आणि माजघर यांच्यात बोळ होता, तो एका सकाळी नव्हता. नंदादीप ह्यांच्या गुडघ्यापाशी आला. ह्यांचा गुडघा केशरी दिसायला लागला आणि झिजायला लागला.

"विझव तो," वन्सं म्हणाल्या. "देव काय रागावतोय?"

"राहू दे," हे म्हणाले. "तिचा नेम आहे."

एका पहाटे गोणपाट रिकामं पडलं होतं. खुर्चीखाली लावलेलं तांब्याचं घंगाळ काठोकाठ भरलं होतं.

"आता मला गोल राहावं लागणार," घंगाळातून हे म्हणाले.

"जमतंय?"

"पाणी आहे मी. जमतं. लाव हात."

माझा हात काठापर्यंत गेला. "मी पारोशी आहे," मी म्हटलं. "आंघोळ करून येते."

"अगं, आत्ता लाव."

"पारोशा हातांनी नाही लावायची मी. इतके थांबलात, आता चार तांबे थांबा."

मी न्हाऊन ओल्या केसांनी आले तेव्हा घंगाळ अंगणात पालथं होतं. वन्सं तुळशीला प्रदक्षिणा घालत होत्या.

"तुळशीला पाणी घातलं," त्या म्हणाल्या. "तांब्या तांब्यानं घालत गेले, ती पीत गेली. अशी तहान बघितली नव्हती कधी."

"वन्सं, हे होते त्यात."

वन्सं पायरीवर बसल्या. आपला तळहात बघत म्हणाल्या, "ओळखीचं लागलं गं मला. वाटलं, आपल्याच विहिरीचं, म्हणून असेल."

दुपारपर्यंत उन्हानं वृंदावन कोरडं केलं. घरातले पापड मऊ पडले. बरणीतलं मीठ ओलं झालं.

"कुठं आहात?" मी विचारलं.

"इथंच. सगळीकडे." आवाजाला दिशा नव्हती. "म्हणून कुठंच टेकता येत नाही."

मी हात वर धरला. बराच वेळ धरला. काही आलं नाही.

"तुझे हात उबदार आहेत," हे म्हणाले. रागावून नाही. "थंड काही असलं तर बसता येतं."

मी पेल्यात कारखान्यातून आणलेला बर्फाचा खडा टाकला आणि पेला नंदादीपापासून लांब ठेवला. पेल्याला घाम आला. एक एक थेंब, बाहेरून.

"आलात?"

"आलो. पण पेला आहे गं हा."

मी बोट पुढं केलं. थेंब बोटाला लागणार, त्याच्या आधीच, माझ्या उबेनं, ह्यांना उठावं लागलं.

मी पेला पुसून जागेवर ठेवला. तेलाची बुधली आणि कापसाच्या वाती वन्संच्या मांडीवर ठेवल्या.

"कुठं निघालीस?"

"कारखान्यात. लाद्यांच्या खोलीत बसते."

"किती वेळ?"

"माझे हात गार होईपर्यंत. आधी हात, मग बाकीचं."

वन्संनी वाती मोजल्यासारख्या चाचपल्या. "वात मी बघते," त्या म्हणाल्या. "पण रोहिणी, परत आलीस की मग?"

"आले की मला हात लावू नका, वन्सं. तुमचे हात उबदार आहेत."

खुर्चीवरचं गोणपाट मी खांद्यावर घेतलं. ते अजून ओलं होतं आणि त्याला गळ्याचा बाक तसाच होता. दाराची पितळी कडी काढली, उन्हात पाऊल टाकलं आणि बंदराच्या वाटेला लागले. जाताना एकदा मागं वळून बघितलं. कडीला मी जिथं धरलं होतं, तेवढीच जागा गार पडून तिथं एक थेंब जमला होता.