थेट त्यांच्याशी बोला

पोलीस ठाण्यात पाऊल टाकलं आणि थोरलीच्या लक्षात आलं, की आज इथे सगळेच फार गोड बोलतायत. पोलीस गोड बोलायला लागले की भलेभले सावध होतात, तशी तीही झाली.

"या... ताई... बसा..." इन्स्पेक्टर साहेब एकेक शब्द सुटा करून म्हणाले. "घाबरू... नका..."

"मला ऐकू येतं, साहेब," थोरली म्हणाली. "माझा भाऊ कुठाय?"

साहेबांचा चेहरा खुलला. मागच्याच आठवड्यात अख्ख्या ठाण्याचं प्रशिक्षण झालं होतं: स्वमग्न आणि बोलता न येणाऱ्या नागरिकांशी पोलिसांनी कसं वागावं. भाषणं झाली, चहा-बिस्किटं झाली, भिंतीवर प्रमाणपत्र लागलं. आता असा एखादा नागरिक तेवढा सापडायचा बाकी होता, आणि आज संध्याकाळी तो आयताच हाती लागला.

तिचा हा धाकटा भाऊ एका लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायचा. तिशीचा झाला तरी तोंडातून शब्द फुटत नव्हता. पण त्याच्या फोनवर चित्रं होती. चित्रावर बोट ठेवलं की फोन त्याच्यासाठी बोलायचा. त्या फोनच्या जिवावर तो दुकानात, बसमध्ये, कुठेही एकटा जायचा. आज कामावरून येताना एका दुकानाचं शटर खाली येत होतं, ते बघत तो उभा राहिला. हवालदाराने हटकलं. उत्तर द्यायला धाकट्याने खिशातून फोन काढला, तो हवालदाराने हिसकावला. मग धाकटा ओरडला. ओरडणार नाही तर काय करेल? तुमची जीभ कुणी काढून नेली तर तुम्ही काय त्याचे आभार मानाल?

"मारलंत त्याला?" थोरलीने विचारलं.

"छे हो." हवालदाराला वाईट वाटलं. "अंगाला हात लावायचा नाही, असं शिकवलंय आम्हाला. म्हणून काठीनेच ढकलत आणलं."

धाकटा 'शांत कोपऱ्यात' होता. शांत कोपरा म्हणजे जुनीच कोठडी. गजांना निळा पडदा लावलेला, आणि वर वायरलेस अखंड खरखरत होता. कानांवर हात दाबून तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. बहीण दिसताच उठला, आणि हवालदाराने दार उघडल्यावर तिच्या मागोमाग साहेबांच्या खोलीत आला. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"याचा फोन द्या आधी."

"तो जप्त झालाय, कपाटात आहे. सोमवारी या." साहेबांनी कागद पुढे ओढला. "गुन्हा-बिन्हा काही नाही हो. त्यांची आमच्याविरुद्ध तक्रार नाही, एवढं लिहून घेतो, की तुम्ही मोकळ्या."

"तक्रार आहे. लिहून घ्या."

साहेबांनी प्रेमाने हात वर केला. "ताई, त्यांच्या वतीने तुम्ही बोलायचं नाही. पहिला धडाच आहे आमचा. थेट त्यांच्याशी बोला."

"मग फोन द्या, तो बोलेल."

"जप्त वस्तूला कसं बोलू देणार?"

एवढं समजावून साहेब धाकट्यापुढे वाकले. "तुमची... काही... तक्रार... आहे का?" आणि थांबले. खरोखर थांबले, पुढच्याला वेळ द्यावा, हेही कुणीतरी शिकवलं असणार. धाकटा सरळ कपाटापाशी गेला आणि त्याच्या लोखंडी दारावर बोटाने ठोकू लागला. साहेबांकडे बघितलं, पुन्हा ठोकलं. याहून स्वच्छ तर वकीलही बोलत नाही.

"कपाट आवडलं वाटतं त्यांना," हवालदार कौतुकाने म्हणाला.

"तक्रार नाही," असं मोठ्याने म्हणत साहेब लिहून मोकळे झाले. कागद त्यांनी थोरलीपुढे सरकवला. "त्यांना काही सही जमायची नाही. त्यांच्या वतीने तुम्हीच करून टाका."

थोरलीने पेनाला हात लावला नाही. ती उठली, भावाशेजारी जाऊन उभी राहिली आणि तीही कपाट ठोकू लागली.