पस्तीस मिनिटं

मी भिंतीवरचं घड्याळ आहे. वेळ विचारायला आला असाल तर सांगतो, पण विश्वास ठेवायच्या आधी माझी हकीकत ऐका.

१९९४ साली मला कळंब्याजवळच्या एका शर्टांच्या कारखान्यात आणलं. नारळ फोडला, मला कुंकू लावलं. समोर साठ शिलाई मशिनी आणि साठ बायका. मनगटावरची घड्याळं त्यांनी गेटवर काढून ठेवायची, कापडात अडकतात म्हणे. खिडक्यांच्या काचांना रंग फासलेला. वेळ सांगणारा मी एकटाच! दिवसातून शंभरदा माना वर व्हायच्या, आणि मीही फुगून जायचो.

सुपरवायझर महांतेश निपाणीकडचा, मऊ बोलणारा माणूस. माझ्या काचेवर कापडाचा भुसा बसतो म्हणून दुपारभरात तीनदा स्टुलावर चढायचा. बायकांना त्याच्या टापटिपीचं कौतुक. काच पुसता पुसता तो दरवेळी माझा काटा दहा-बारा मिनिटं मागं सारायचा. सकाळी गेट उघडायच्या आत पुन्हा पुढं. साडेपाचचा भोंगा माझ्याकडं बघून व्हायचा, तेव्हा बाहेर सहा वाजून पाच मिनिटं झालेली असायची.

"हितली दुपार लय लांबती बाई," बायका म्हणायच्या. घरी पोचायला उशीर झाला की गेटवरच्या पिशव्यांच्या तपासणीला शिव्या घालायच्या. माझ्यावर कुणाचा संशय नव्हता.

१९९८ साली एका सकाळी कॉलर शिवणाऱ्या शेवंताबाईला गावाकडून निरोप आला. तिचे वडील बाबासो अंथरुणावर तिचं नाव घेत होते, काही खरं नव्हतं. गाव गारगोटीच्या पुढं. कळंब्याच्या थांब्यावर पावणेसहाची एसटी मिळाली, तरच गारगोटीत गावची शेवटची गाडी मिळायची. तिनं रजा मागितली.

"आज माल भरायचाय, अक्का. आज गेलीस तर मालक उद्या घ्यायचा न्हाय," महांतेश म्हणाला. "साडेपाचला सुट्टी. थांबा तर गेटाम्होरंच हाय की!"

ती बसली. दर कॉलरमागं एकदा माझ्याकडं बघायची. त्या दिवशीही माझी काच तीनदा पुसली गेली. मी ओरडलो असतो हो! पण माझ्याकडं टिकटिक तेवढी, आणि साठ मशिनींच्या घरघरीत ती कोण ऐकणार?

मी पाच पंचवीस दाखवत होतो. तिनं पिशवी पायाशी ओढून घेतली, आणि तेवढ्यात वीज गेली. सगळ्या मशिनी एकदम गप्प. त्या शांततेत लांबून कळंब्याच्या तुरुंगातल्या घंटेचे तासाचे टोल ऐकू आले. एरवी कधी ऐकू येत नसत. शेवंताबाईनं बोटांवर मोजले. सहा.

"महांतेश, किती वाजलं?"

ती चप्पल न घालताच धावली. गाडी कधीच गेली होती.

आठ दिवसांनी ती कामावर आली. "पहाटं गेला माझा बा," महांतेशला म्हणाली. "रातभर दाराकडं बघत हुता. शेवंता आली का, शेवंता आली का."

"मला वरनं सांगणं हुतं, अक्का," एवढंच तो बोलला.

तिनं सरकारी कचेरीत तक्रार केली. साहेब तपासणीला येणार हे मालकाला आधीच कळलं होतं, त्या दिवशी माझी काच कुणी पुसली नाही. साहेबांनी मनगट वर करून ताडून पाहिलं.

"बाई, हे तर मिनिटाला मिनिट बरोबर आहे."

"लबाड हाय ते, सायेब!" ती म्हणाली. दोघी-तिघी हसल्या. चार वर्षांत त्या एका दुपारी मी खरं बोललो, आणि खोटी ठरली ती. दुसऱ्या दिवशी तिच्या मशिनीवर वेगळीच बाई होती.

२००६ साली कारखाना बंद पडला. महांतेशनं मला घरी नेलं, का ते त्याचं त्यालाच माहीत. आता मी अगदी बरोबर चालतो. तरी रोज संध्याकाळी तो कळंब्याच्या त्याच्या दारात उभा राहून टोल मोजतो आणि बायकोला विचारतो, "पवित्रा, घड्याळ बरोबर हाय न्हवं?" ती व्हय म्हणते. त्याला ते पटत नाही. आणि मला शेवंताबाईची ती मान वर करून बघणारी नजर अजून दिसते.

गारगोटीकडं जाणार असाल आणि शेवंताबाई भेटल्या, तर माझा एक निरोप द्या. सांगा, बाई, तुम्ही बरोबर मोजलं होतं. त्या दिवशी सहाच वाजले होते.