उजेडापुरता काठ

तुपेदादांच्या दुकानात दिवा लावला, की दुकान नाहीसं व्हायचं आणि उजेड पोचेल तेवढाच धरणाचा काठ उरायचा. दिवा बंद केला, की दुकान परत जागेवर. गिऱ्हाइकांना त्याचं काही वाटत नसे. तंबूशेजारी लावायची वस्तू, ती बघून नको का घ्यायला?

नवरा, श्रीरंग, वारल्यापासून अनघाची कायाक होडी माळ्यावर पडून होती. यंदा एकटीनेच धरणावर मुक्कामाला जायचं, असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. सांगायला काय जातंय! खरं तर ज्या दिव्यात श्रीरंग बसलेला दिसेल, तोच तिला घ्यायचा होता.

तिने आधी मोठा कंदील लावला. काठ लख्ख उजळला. कुठलीशी माणसं घोळक्याने पापड भाजत बसली होती.

"मीठ आहे का हो?" एकाने विचारलं.

तिने घाईघाईने कंदील बंद केला.

"तो कायाकच्या पोटात मावणारही नाही, वहिनी," तुपेदादा म्हणाले.

"मंद दाखवा. डोळ्यांवर उजेड आलेला त्याला खपत नाही."

तुपेदादांनी दिव्यांची माळ काढून दिली. माळेत कुणाचा तरी वाढदिवस निघाला. डोक्याला बांधायच्या दिव्यात, ती मान वळवेल तिकडे नुसतं पाणी. बाई अगदी रडकुंडीला आली. मग तिने तोच दिवा बंद करून डोक्यावरून काढला आणि मुक्कामावर श्रीरंग बांधायचा तसा, दुकानातल्या पाण्याने भरलेल्या कॅनला आत तोंड करून बांधला आणि लावला. सगळा कॅन मंदसा उजळला.

सतरंजीवर श्रीरंग बसला होता.

उजेड जेमतेम दोघांपुरता होता. ती टेकायला गेली, तर तिची टाच उजेडाबाहेर राहिली आणि जाणवेनाशी झाली. तिने पाय आत ओढून घेतला.

"किती शोधलं रे तुला," ती म्हणाली. इतके महिने दाबून ठेवलेलं रडू तिला आवरेना.

श्रीरंग तिच्याकडे बघत राहिला. खूप माया होती त्या बघण्यात. मग तो मागच्या अंधाराकडे वळला.

"तुपेदादा, ह्यात ती रडतेय," तो म्हणाला. "दुसरा दाखवा."

आणि त्याने बटणावर अंगठा ठेवला.