अनिपा-एजेचे पॅटर्न

बिश्केक शहरात बुरुलचं शिवणघर होतं. तिथले बायकांचे कोट थेट रशियाच्या बाजारात जात. ते खपत त्यांच्या बेतणीमुळे, आणि बेतणी असायची बुरुलच्या मोठ्या नणंदेची, अनिपाची. शिवणाऱ्या सगळ्याजणी तिला एजे, म्हणजे ताई म्हणत. नजर अधू व्हायला लागली तशी एजेने आपले सगळे पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचे कागदी नमुने, कॉम्प्युटरवर चढवून घेतले. कागदांचे गठ्ठे जागा अडवतात म्हणून बुरुलने ते शेगडीत घातले.

मग अँटीव्हायरस घ्यायचं ठरलं. दुकानदाराने दाखवलेल्याला दरवर्षी पैसे भरावे लागणार होते, पण फाइलींची एक प्रत दुसरीकडेही जपली जाणार होती. बुरुलचा नवरा मेदेर म्हणाला, बाजारातला माझा मित्र फुकटात टाकून देतो, चोरीचं असलं म्हणून काय झालं! एजेने दुकानातलंच घ्या म्हटलं.

"एजे, आपले कोट चोरायला कोण येतंय?" बुरुल हसली. "हंगाम तोंडावर आलाय. आधी कापड घेऊ दे."

"चोराकडून कुलूप घेतेस, बाई," एजे एवढंच म्हणाली.

वसंतात एका गिऱ्हाइकाच्या नावाने मेल आला. ऑर्डर समजून बुरुलने तो उघडला. दुपारपर्यंत एकही फाइल उघडेना, पडद्यावर खंडणीची मागणी. मेदेरचा मित्र फोन उचलेना. दुरुस्तीवाला म्हणाला, ते अँटीव्हायरस कधीचंच बंद पडलं होतं, आणि खंडणी भरूनही फाइली मिळतील याचा भरवसा नाही.

एजेला सांगायला बुरुल स्वतः गेली. एजे कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"गोल कॉलरचा कोटही गेला?"

"सगळे गेले. एजे, शिव्या तरी दे मला."

"शिव्या देऊन काय होणार? बस, चहा घे."

दुसऱ्या दिवशी एजे कागद घेऊन खिडकीपाशी बसली. आठवून आठवून रेघा मारत राहिली, पण रेघ सरळ जाईना आणि बाही खांद्याला बसेना. बुरुल शेजारी मोजपट्टी धरून उभी राहायची. एके दिवशी एजेने पेन्सिल ठेवली आणि नारिन गावाला दुसऱ्या भावाकडे जाते म्हणाली. बुरुलने थांब म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार होती?

आता कापड बेतायला नवा कारागीर आहे, अँटीव्हायरसही पैसे भरून घेतलेलं आहे. जुनी गिऱ्हाइकं पूर्वीचा कोट मागतात, तेव्हा तो आता होत नाही, एवढंच बुरुल सांगते. नारिनहून एजे फोनवर हवापाणी विचारते, मुलांचं विचारते. शिवणघराचं मात्र कधीच विचारत नाही.