झोकांडी

आमच्या आत्याबाईंना एक खोड हाय. इचारायचं, पर उत्तर ऐकायचं न्हाई. "डोळ्याचा आन गोळ्यांचा काय संबंध गं रत्ना?" असं त्यांनी मला धा येळा तरी इचारलं आसंल. आत्याबाई म्हंजी माझ्या सासूबाई, साळूबाई. त्यांनी ऐकलं न्हाई, तुमी तरी ऐका.

लगीन हून मी पौडाच्या अंगाला ह्या गावात आले आन माझं डोकं दुखाया लागलं. तांदूळ निवडायला बसले, सुईत दोरा ववला, तव्यातल्या भाकरीकडं टक लावून बघितलं, की कपाळाच्या आत कुनीतरी उखळात कांडतंय. कुनी म्हनलं सुंठ उगाळून लाव, कुनी म्हनलं दिष्ट काढ. समदं केलं. लावून लावून कपाळाचं कातडं गेलं, पर डोकं काय ऱ्हाईना. मंग बाजारात वाल्मीक कंपाउंडरनं दुकान मांडलं हुतं, त्यानं पांढऱ्या गोळ्या दिल्या. गोळी गिळली की डोकं गप. नुसतं डोकं न्हवं, समदंच गप. आत्याबाईची टकळी, चुलीचा धूर, कंबरंची कळ, समदं लांब त्या डोंगरापल्याड जायचं. मला लई बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? आधी आठवड्याच्या बाजाराला एक गोळी, मंग रोज, मंग सकाळ-सांज. गोजरा पोटात हुती तवा बी, अंगावर पीत हुती तवा बी.

गोजरा माझी लेक. दुडदुडू चालाया लागली तवाची गोष्ट. मी तिला मांडीवर घिऊन चुलीम्होरं बसले आन बसल्या बसल्या झोपले. पोर उतरून गेली ती थेट इस्तवाकडं. जाऊबाईनं झडप घालून उचलली म्हनून वाचली, न्हाईतर आज मी ह्ये सांगायला ऱ्हायले नसते. जाऊबाई म्हंजी थोरली, सगुणाबाई. तिला मूलबाळ न्हाई. तिनं गोजराला उचलून कडंवर घेतली ती घेतलीच, खाली काय ठिवली न्हाई.

मंग मालकांनी मला पौडात नव्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं भितीवर आक्षरं लावली. मला वाचता येत न्हाई म्हनल्यावर उलट्या-सुलट्या रेघा लावल्या, बोटं दाखवली, डोळ्यात बत्ती मारली. मंग मालकांना म्हणाला, "यांची नजर अधू आहे. डोकं त्यानंच दुखतं. आणि ह्या गोळ्या अफूच्या जातीच्या आहेत, आजपासून बंद. त्रास होईल, ओरडतील, मागतील, पण द्यायची नाही. बाहेर सोडू नका. आणि पुण्याहून चष्मा करून आणा, तो सारखा घालायचा. मग सवय होते."

समदं एका दमात सांगितलं त्यानं. आमच्या घरानं त्यातलं एकच धरलं, बाहेर सोडू नका.

माजघरात मला घातली आन भाईरनं कडी लावली. आगं बया, काय सांगू तुमाला! आंगाला घामाच्या धारा, आन दात कडाकडा वाजत्यात. जांभई आली की जबडा निखळल का काय वाटायचं. नाक गळतंय, डोळं गळत्यात, पोटात पिळा. पायात मुंग्या न्हाईत, मुंगळं. पाय कुटं ठिवावा त्येच कळंना, भितीला आपटले, जमिनीला आपटले. वाल्मीकाच्या दुकानापातूर गुडघ्यावर रांगत जाईन, पर एक गोळी द्या, असं मी कडीला तोंड लावून वरडले. आत्याबाई पल्याडनं म्हनायच्या, "वरड. डॉक्टर म्हनलाच हुता वरडंल."

पर त्याच्यापरास वाईट सांगू का? भितीच्या पल्याड गोजरा हसायची. जाऊबाई तिला "चिऊ आली, काऊ आला" करायची आन ती खिदळायची. माझ्या छातीत दूध दाटून यायचं, पदर वला व्हायचा, आन पोर दुसरीच्या मांडीवर हसतीया. पाजायचं न्हाई ह्ये बी डॉक्टरच म्हनला हुता. मला कळत हुतं. कळून काय हुतंय? मी पदराचा बोळा तोंडात घालून रडले.

त्या मरनाच्या कळा जरा उतरल्या तवर मालक यष्टीनं पुन्याला जाऊन चष्मा घिऊन आले. महाराष्ट्र राज्य झालं त्या साली. आमच्या गावात बाईमानसाच्या नाकावर चष्मा तवर कुनी बघितला नव्हता. काळी जाड काडी, काचा पान्याच्या तांब्याच्या बुडासारख्या. घातला आन पयल्यांदा काय दिसलं ठावं हाय का? आत्याबाईंना मिशा हायेत! चार वर्सं एका घरात ऱ्हाऊन मला ठावं नव्हतं. मी फिसकन हसले, आन उठून उभी ऱ्हायले, तर जमीन वर आली.

व्हय, वर आली. समदं घर वाडग्यात ठिवल्यागत बाकलं. उंबरा गुडघ्याएवढा दिसला, म्हनून मी पाय उचलून टाकला, तर उंबरा हुता वीतभर. पाय खाली हापकन गेला आन मी दाराच्या चौकटीवर आदळले. पुन्यांदा पाऊल टाकलं, तर जमीन पायाच्या आधीच आली. कोंबडी चिखलातनं चालती तशी मी चालत हुते.

"खाल्ली!" आत्याबाई म्हनल्या. "हिनं गोळी खाल्ली."

"न्हाई वो आत्याबाई. ह्यो चष्मा..."

"चष्म्यानं झोकांडी जाती व्हय कुनाची? दारू पिल्यावानी चालतीया, आन म्हनं चष्मा!"

त्यांनी माझं तोंड हुंगलं. पदर झटकला, केसं मोकळी करून चाचपली, चोळीत हात घातला. गावल काय, कपाळ? आन जाऊबाई दारात, गोजराला कडंवर घिऊन, नुसतं बघतीया. "बरी हू दे तिला, आत्या," म्हनली. "मंगच पोर दिऊ. घाई कशाला?"

घाई कशाला! तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या.

तवापासनं माझे दिवस असे गेले. चष्मा घातला की झोकांडी, झोकांडी गेली की म्हनायचे, हिनं गोळी खाल्ली. चष्मा काढला की डोकं ठनकायचं, डोकं धरून बसले की म्हनायचे, हिला गोळी पायजे. पदर कपाळावर वढला तर चष्म्याला आडायचा, मागं सारला तर आत्याबाई खाकरायच्या. शेजारची रंभाबाई मला "मास्तरीनबाई" म्हनायची, आन तिचं बघून समदी आळी म्हनायची. आन कडी तशीच भाईरनं.

एक दिवस मी सासूच्या पायावर डोकं ठिवलं. "माझी पोर द्या. काय करू सांगा, पर द्या."

आत्याबाई काय काळजाच्या वाईट न्हाईत. त्यांनी इचार केला, आन त्यांना जो न्याय ठावा हुता त्यो दिला. आमच्यात बाळंतीन उठली की पान्याची पूजा करती, डोईवर पानी भरून आनती, तवा तिचा इटाळ फिटतो आन ती चुलीला शिवती. "तुजं बी तसंच," त्या म्हनल्या. "गोळीचा इटाळ हाय ह्यो. ज्या दिशी पानवठ्यावरनं हंडा आन वर कळशी डोईवर घिऊन येशील, थेंब न सांडता, त्या दिशी पोर तुज्या वटीत घालीन. मंग कडी बी न्हाई."

डॉक्टरनं औषिद सांगितलं हुतं, आत्याबाईनं इटाळ केला. पर मला त्याचं काय? कुनीतरी वाट दावली एवढंच मला दिसलं.

पानवठा खाली वगळीत, वड्याच्या खाचंत. उतार, आन मधी दगडाच्या पायऱ्या, एक बी सारखी न्हाई. पयल्या दिशी चष्मा घालून गेले. उतरताना दगुड वर यायचं, पाय खाली ऱ्हायचा. भरून वर निघाले आन तिसऱ्या-चौथ्या पायरीला कळशी गेली, मंग हंडा गेला, मंग मी गेले. हंड्याला पोचा पडला, माझं ढोपार फुटलं. वर बांधावर समद्या बाया. गोजरा जाऊबाईच्या कडंवर हुती. हंडा गडगडला त्याला ती टाळ्या पिटून हसली. जाऊबाईनं तिचं तोंड आपल्या खांद्यात दडवलं. तिला बी वाईट वाटलं असंल, मी कशाला न्हाई म्हनू? पर पोर तिच्याच खांद्यावर हुती.

मालकांनी डॉक्टरला जाऊन इचारलं. त्यो म्हनला, काढायचा नाही, सारखा घाला, नजर बसायला वेळ लागतो. येळ! माझ्याकडं कुटला येळ? दाराच्या फटीतनं मी "गोजे" म्हनून हाक मारली, तर पोर माझ्याकडं बघून जाऊबाईच्या लुगड्याआड दडली. चष्म्याच्या बाईला भ्याली. अजून थोडे दिस गेले, की ती मला वळखनार न्हाई आन मंग मी बरी झाले काय, न झाले काय.

दुसऱ्या खेपंला मी येगळं केलं. वगळीत उतरले, कुनी बघत न्हाईसं बघून चष्मा काढला आन कंबरंला खोचला. पायाला वाट पाठ हुती, चार वर्सं तीच वाट. डोळ्याम्होरं समदं धुरकाट, पर जमीन जाग्यावर. चुंबळ ठिवली, हंडा घेतला, वर कळशी, मान ताठ. धा माणसांच्या म्होरनं आले, अंगन वलांडलं, उंबरा वलांडला, हंडा उतरवला. थेंब न्हाई सांडला.

आत्याबाईंनी माझ्यावरनं भाकरीचा तुकडा ववाळून टाकला. जाऊबाईच्या कडंवरनं गोजराला काढली. काढताना जाऊबाईची बोटं सुटंनात, आत्याबाईंनी एक एक सोडवली. पोर माझ्या वटीत आली. आधी रडली, आंग टाकून दिलं, मंग माझा वास घेतला आन गप पडली. बाई गं, मला वाटलं, संपलं. सुटले मी.

"चष्मा कुटाय?" आत्याबाई म्हनल्या.

मी कंबरंचा काढला. त्यांनी त्यो हातात धरून समद्यांना दावला. "बघा! डोळ्यावर नव्हता तर कशी ताठ आली. म्हंजी झोकांडी चष्म्याचीच हुती. त्या डॉक्टरचं तळपट हू दे!" आन त्यांनी त्यो आपल्या ट्रंकात घातला, कुलूप लावलं, किल्ली कडदोऱ्याला. "म्हागाची चीज हाय. सनासुदीला घाल."

मी इतके दिस हेच वरडत हुते. आता त्यांना पटलं, आन पटलं तर असं पटलं.

डोकं परत आलं. आधी कडंकडंनं, मंग समदं. तांदूळ निवडायला बसले की कांडप सुरू. गोजरा मांडीवर, तिचं तोंड धुरकाट, आन माझ्या कपाळात मुसळ. तरी मी बोलले न्हाई. बोलले तर पोर जाईल. पोर मांडीवर घट धरून मी दात खाऊन बसायची.

मंग बाजारचा दिस आला. रंभाबाई पाटी घिऊन दारावरनं चालली. मी म्हनले, "रंभाबाई, वाल्मीकाच्या दुकानावरनं..."

एवढं बोलले आन थांबले. बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडानं आपलं आपन बोलून टाकलं. गोजरा म्होरं चुलीपाशी काटकी घिऊन बसली हुती.

"काय आनू?" रंभाबाई म्हनली.

"काय न्हाई. जा तू."

गोजराला उचलली आन सरळ ओसरीवर गेले. आत्याबाई हुत्या, जाऊबाई हुती, मालक दावं वळत बसले हुते.

"आत्याबाई, चष्मा द्या."

"कशाला?"

"डोकं दुखतंय. त्यो न्हाई घातला, तर मी गोळी खाईन. आज खानार हुते."

आत्याबाई मालकांकडं बघायला लागल्या. मालक दावं वळत ऱ्हायले. चांगला मानूस हाय, पर आईम्होरं त्यांना कंठ फुटत न्हाई. "चष्मा घातला की तू पडनार," आत्याबाई म्हनल्या. "पोर घिऊन पडलीस तर? चष्मा घालायचा आसंल तर पोर सगुणाकडं. दोन्ही न्हाई मिळायचं."

लई राग आला. आत्याबाईचा आला, मालकांचा आला, माझ्या डोळ्यांचा तर सगळ्यात जादा. पर त्या खोटं बोलत नव्हत्या. चष्मा घातला की मी पडत हुते, आन न्हाई घातला, तर पोर पुन्यांदा इस्तवात जानार हुती, आन ह्या खेपंला जाऊबाई जवळ असंलच कशावरनं?

मी गोजराला जाऊबाईच्या वटीत दिली. माझ्या हातानं. जाऊबाईला घ्यायचं बी सुधरंना.

"धरा, जाऊबाई," मी म्हनले. "मी घ्यायला येनार हाय."

आत्याबाईंनी किल्ली सोडली. मी चष्मा घातला, पोचा पडलेला हंडा उचलला आन रिकामाच डोईवर ठिवला. आधी रिकामा, सवय झाली की भरलेला. अंगन वर आलं. मी पाय टाकला. कोपऱ्यावर बाया हसल्या, हसू दे. तवर मागनं गोजरा वरडली, "आये!" जाऊबाईच्या मांडीवर बसून ती मला हाक मारत हुती.

मी मागं बघितलं न्हाई. मान फिरवली की समदी जमीन फिरायची, आन मला उतारानं सरळ खाली जायचं हुतं.