सहा आकडे आणि एक नाव

मी एक जुना मोबाइल आहे, हे खरे तर वेगळे सांगायची गरज नाही; माझ्याकडे एकदा पाहिले की कळतेच. एका कोपऱ्यात काच तडकली आहे, पाठीला चिकटपट्टी लावली आहे, आणि चार्जरची वायर जरा वाकडी धरल्याशिवाय माझ्या पोटात वीज जात नाही. पण मित्रांनो, मीही एकेकाळी नवाकोरा होतो. दुकानातल्या काचेच्या कपाटात दिव्याखाली उभा असायचो, तेव्हा माझ्या अंगावर बोटाचा ठसासुद्धा नव्हता.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. माझ्यासारखे कितीतरी जण एका रांगेत पुढे सरकत होते आणि कोणाच्या नशिबी कोणता खिसा येईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. माझ्या नशिबी एका आचाऱ्याचा खिसा आला. तेव्हा तो आचारी झाला नव्हता, एका खानावळीत कांदे चिरत होता. पिठाच्या डब्याला मला टेकवून ठेवायचा आणि सुरी कशी धरायची, कणीक किती मळायची, हे माझ्यात बघून बघून शिकायचा. पिठाच्याच हाताने मला पुढे-मागे करायचा. माझ्या आवाजाच्या भोकांत त्यातले थोडे पीठ अजूनही असेल. मला त्याचा कधी राग आला नाही. शिकणाऱ्याचा हात अंगावरून फिरतो ना, ते सुख वेगळेच असते.

त्याच्या घरी दोघीच होत्या. वडील तो लहान असतानाच गेले होते. आई कपडे दुरुस्त करायची. सैल झालेले आत घेणे, आखूड झालेल्याची दुमड सोडणे, चेन बदलणे, असे तिचे छोटे दुकान गल्लीच्या तोंडाशी होते. दुसरी त्याची आत्या. ती जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, आणि कानाला यंत्र लावायची वेळ आली तरी आवाज खणखणीत होता. लहानपणी या मुलाने शिलाई मशीनखाली पडलेले बटण गिळले होते. सगळे घर दवाखान्यात धावले, आणि परत येताना आत्याने त्याचे नाव ठेवले, बटण्या. ते नाव उंबऱ्याच्या आतले होते. बाहेर ते कोणालाही माहीत नव्हते.

पुढे बटण्याला मालवाहू जहाजाच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली. त्याने नवा फोन घेतला. निघायच्या दिवशी त्याने मला पुसले आणि शिलाई मशीनच्या फळीवर ठेवले.

"हा तुमच्या दोघींचा. बंदरावर आलो की यात दिसेन."

"आणि मध्ये?" आईने विचारले.

"मध्ये समुद्र, आई."

तो गेला. पुढे किती दिवस तरी मी त्याच्या खिशाची वाट पाहत राहिलो. चालताना तिथे एक हलका झोका बसायचा. फळीवर झोका कुठला!

पण दोघींनी मला फार जपले. आई उसवलेल्या कपड्यांचे फोटो माझ्यात काढून ठेवायची. आत्या सकाळी उठली की चष्म्याआधी मला शोधायची. दोघी रोज बटण्याला काहीतरी लिहायच्या. तो समुद्रात असला की लिहिलेल्यापुढे एकच टिक दिसायची. बंदर आले, त्याच्या फोनला रेंज मिळाली, की शेजारी दुसरी उमटायची.

"आली का गं दुसरी?" आत्या स्वयंपाकघरातून विचारायची.

"नाही हो, वन्सं. एकटीच बसलीय."

"म्हणजे अजून पाण्यातच आहे मेला."

दुसरी टिक आली की घरात जणू दिवा लागायचा. मग त्याचा चेहरा माझ्या काचेवर यायचा आणि दोघी एकमेकींना कोपराने ढकलत पुढे यायच्या. मला वाटायचे, बघा, मी त्याच्या खिशात नसलो तरी तो माझ्यातच येतो.

आत्याला माझे कौतुक होते, पण विश्वास नव्हता. "फोन कसला, चोरखिडकी आहे ही," ती आईला बजावायची. "मी आयुष्यभर माणसं जोडून दिलीत. कोण बोलतंय हे विचारल्याशिवाय एक तार लावली नाही. तू कोणाला काही सांगत बसू नकोस, भोळी आहेस."

एका दुपारी आई दुकानात होती आणि आत्या घरी मटार सोलत होती. जहाज बंदराजवळ आले असेल असा दोघींचा अंदाज होता. मी वाजलो. अनोळखी नंबरावरून संदेश होता : "आई, माझा फोन पाण्यात पडला. हा माझा नवीन नंबर."

मित्रांनो, असले संदेश चोर एकाच घरी पाठवत नाहीत. जाळे फेकावे तसे शेकडो घरांवर फेकतात. ज्यांचा मुलगा शेजारच्या खोलीत घोरत असतो ते हसून सोडून देतात. पण ज्यांचा मुलगा खरोखरच पाण्यावर आहे, त्यांनी काय करायचे?

आत्याने मटाराचे ताट बाजूला सारले. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत तिने लिहिले, "अरे बटण्या, मी आत्या. आई दुकानात आहे. बरा आहेस ना?"

लगेच उत्तर आले. "हो आत्या. मी बरा आहे. तुझी खूप आठवण येते."

खऱ्या बटण्याने असे कधी लिहिले नव्हते. तो लिहायचा, "आत्या, नवा कान काय म्हणतो?" आठवण येते, हे त्या घरात कोणी तोंडाने बोलत नसे. पण न बोललेलेच तर माणसाला ऐकायचे असते. आत्याने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. तिचे बोट ओळीवरून फिरत होते, जसे लहान मुलाच्या केसांतून फिरवावे.

मग पुढची ओळ आली. "आत्या, तुमच्या फोनवर एक सहा आकडी नंबर येईल. तो मला पाठव, म्हणजे माझं खातं चालू होईल."

ते सहा आकडे माझ्याच काचेवर उमटले. त्यांच्याखाली बारीक अक्षरांत लिहिले होते, 'हा क्रमांक कोणालाही सांगू नका.' ते वाक्य मोठे करणे माझ्या हातात असते तर मी ते भिंतीएवढे केले असते. आत्याने आकडे पाठवले. पुढच्याच क्षणी आमचे संदेशांचे खाते मिटले. बटण्याचे चेहरे, दोघींनी लिहिलेली रोजची वाक्ये, सगळे बंद दाराआड गेले. आता दुसऱ्याच कोणाच्या तरी फोनवर आईचे नाव लागले होते.

आत्या माझी सगळी बटणे दाबून पाहत होती. नवीन नंबराला विचारत होती, "अरे, काय झालं?" पण कोणतेच अक्षर जात नव्हते. आई आली तेव्हा ती म्हणाली, "फोन बिघडलाय."

मी बिघडलो नव्हतो. पण म्हातारीच्या पडलेल्या चेहऱ्यापुढे तो आळ मी आनंदाने घेतला.

दुसऱ्या दिवशी आई मला चार्जरसकट दुकानात घेऊन गेली. आत्याही मागोमाग आली. तिला घरात बसवेना. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई धापा टाकत दारात उभ्या राहिल्या. शाळेत शिकवायच्या त्या.

"अहो काकू! तुम्ही दवाखान्यात आहात ना?"

"मी? मी तुमच्याच कोटाला अस्तर लावतेय."

"मग मला मेसेज कुणी केला? दवाखान्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा, बोलता येत नाही, फोन करू नका..."

आईचा हात मशीनच्या चाकावर थांबला. तिला स्वतःचे काही वाटले नाही. ती एवढेच म्हणाली, "वन्सं, हा मेसेज बटण्यालाही गेला असेल हो."

त्याच वेळी मी वाजलो. खात्यावर नव्हे, साध्या फोनवर. नंबर अनोळखी होता, लांबलचक, परदेशातला.

"उचलू नकोस!" आत्या ओरडली. "तोच असेल तो!"

मी वाजत राहिलो आणि थांबलो. पुन्हा वाजलो. आईने हात पुढे केला, मागे घेतला. माझा जीव कासावीस झाला. या वाजण्याच्या पलीकडे कोण आहे ते मलाही माहीत नव्हते. पण कोणी असलेच तर तो फार घाबरून नंबर फिरवत होता, एवढे कळत होते. मी पुन्हा थांबलो. 

मी तिसऱ्यांदा वाजलो तेव्हा शिक्षिका म्हणाल्या, "उचला, काकू. फक्त ऐका. आपण काही बोलायचं नाही, काही सांगायचं नाही."

आईने स्पीकर लावला आणि ओठ घट्ट मिटले.

"आई? आई, कोणी आहे का तिथे? आईला काय झालंय?"

आईने तोंडावर हात दाबला. मग म्हणाली, "काही नाही झालं रे. मी कोटाला अस्तर लावतेय."

पलीकडे बटण्याच होता. मग तो रडला. त्याच्या फोनवरून साधा कॉल लागत नव्हता, म्हणून बंदरावरच्या एका दुकानातून फोन करत होता. संदेशात फोन करू नका असे लिहिले होते, म्हणूनच त्याने केला. "आधी आवाज ऐकेन, मग काय ते बघू, असं ठरवलं. पण आई, मला तो मेसेज खराच वाटला होता गं. त्यात 'बटण्या' लिहिलं होतं."

आत्या स्टुलावर बसली.

बोलायला वेळ थोडा होता. जहाज संध्याकाळी सुटणार होते. त्याला मुख्य आचारी केले होते. आईने शिवून दिलेला पांढरा ॲप्रन घालून आख्खे स्वयंपाकघर दाखवायचे, असे त्याने ठरवले होते. "राहू दे. पुढच्या बंदरावर," तो म्हणाला. "आत्या कुठाय?"

आत्याने मानेनेच नको म्हटले. आई म्हणाली, "बाहेर गेलीय."

फोन ठेवल्यावर आत्याने सगळे सांगितले. आईने ऐकून घेतले आणि ती म्हणाली, "मी घरी असते ना वन्सं, तर मीही दिले असते आकडे. वर विचारलं असतं, अजून काही पाठवू का रे?"

पण आत्याला हसू आले नाही. "आकड्यांचं काय गं, आकडे बदलतात. मी त्याला नाव दिलं. घरातलं नाव."

त्यानंतर तिने मला हात लावला नाही. आईलाही माझी धास्ती बसली. मला बंद करून चिंध्यांच्या डब्यात ठेवले. मित्रांनो, त्या डब्यात मी जेवढा झुरलो तेवढा कधी झुरलो नाही. वर मशीनची टकटक ऐकू यायची. कुठेतरी बटण्या बंदरावर उतरत असेल, आम्हाला शोधत असेल, आणि इकडे मी चिंध्यांत. चोराने खाते नेले होते. घरातले बोलणे मात्र भीतीने नेले.

शेवटी आईच उठली. मला घेऊन ती मोबाइलवाल्याकडे गेली आणि आत्यालाही हाताला धरून नेले. तो तिरसट माणूस होता. त्याने मला उलटसुलट करून पाहिले.

"याला काय झालंय, मावशी?"

"भीती वाटते याची," आई म्हणाली.

"मग हा कशाला दुरुस्त करू?" तो म्हणाला खरा, पण त्याने स्टूल पुढे केले. पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार नोंदवून दिली. चोराने खात्याला आतून कडी घातली होती, ती निघायला काही दिवस गेले. मग त्याने आमच्या खात्याला आणखी एक कुलूप लावले आणि बजावले, "त्याचा आकडा दोघींच्या डोक्यात ठेवा, फोनमध्ये नको. कुणी कितीही जवळचा असू दे, आलेला कोड द्यायचा नाही. आणि नवीन नंबर आला की आधी आवाज ऐकायचा."

"हे मी जन्मभर लोकांना सांगत आलेय," आत्या पुटपुटली.

"सांगणं सोपं असतं, मावशी. मागच्या वर्षी माझाही कोड गेला होता," मोबाइलवाला म्हणाला आणि कामाला लागला.

पुढच्या बंदरावरून बटण्याचा चेहरा माझ्या काचेवर आला. आई त्याच्याशी बोलत होती आणि आत्या कपाटाच्या दारामागे उभी होती.

"आत्याला बोलव. नाहीतर मी ठेवतो."

आत्या आली. त्याला त्याच्या पाळण्यातल्या नावाने हाक मारून तिने विचारले, जेवण कसे आहे, हवा कशी आहे. जणू कोणी परका पाहुणा होता.

"हे काय? मला बटण्या म्हण ना."

"ते नाव आता बाहेरचं झालं रे. माझ्यामुळे."

 मग अंगातला पांढरा ॲप्रन त्याने बाहीपाशी ताणून दाखवला. "हा उद्या कोणी चोरून घातला, म्हणून माप त्याचं होईल का? आईने माझ्या मापाने शिवलाय. तूही माझ्याच मापाने ठेवलं होतंस ना नाव?"

आत्याने मला दोन्ही हातांत घट्ट धरले. तिने मला तोंडाजवळ ओढले, त्यामुळे त्याला घर हलताना दिसले असेल. "बटण्या," ती म्हणाली. "मेल्या, वाळलास किती!"

त्याला आता बरीच वर्षे झाली. माझी वीज टिकत नाही, सुरक्षेची नवी कुलपे माझ्यासाठी येत नाहीत. घरात नवा फोन आला आहे, आणि आज दोघी मला मोबाइलवाल्याकडे देऊन टाकायला आल्या आहेत. सगळे फोटो, सगळे आवाज त्याने नव्या फोनमध्ये घेतले आहेत. आता मला पूर्ण पुसायचे राहिले आहे.

"म्हणजे हा आम्हाला विसरणार?" आत्याने विचारले.

"विसरलाच पाहिजे, मावशी. उद्या कुणाच्या हातात पडेल, काय सांगावं."

"तुला नाही विचारलं. त्याला विचारते," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मला उत्तर देता येत असते तर मी हो म्हटले असते. मित्रांनो, आम्हा जुन्या फोनना असे न पुसता कोणाला देऊ नका. आमच्या पोटात तुमची माणसे असतात. मला बटण्याचा पिठाचा हात विसरायचा नाही, आत्याचे बोट ज्या ओळीवरून फिरले ती ओळसुद्धा विसरायची नाही. पण त्या आठवणी माझ्या नाहीत, या दोघींच्या आहेत. आणि माझ्यामुळे त्या कोणा परक्याच्या हाती लागण्यापेक्षा मी कोरा झालेला बरा.

आत्याने पिशवीतून एक मऊ चिंधी काढली आहे. ती माझी काच पुसते आहे, सावकाश, तडकलेला कोपरा सांभाळून. मोबाइलवाला म्हणतो, "मावशी, आता दाबा." ती म्हणते, "थांब रे, जरा पुसू दे."