सातव्या फोटोतली रेघ

नवी मुलगी येईपर्यंत आमच्या खोलीत जाहिरातीतलं खोटं पकडण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. मी स्वतः हे कधी बोलून दाखवलं नाही, तशी वेळच आली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला आमचे मालक, मास्तरच सांगायचे, "आमच्या बाईंच्या नजरेतून मुंगी सुटत नाही."

आमची कचेरी टायरच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. लोक आपल्या जुन्या स्पोर्ट्स कार विकायला आमच्याकडे जाहिराती पाठवतात आणि त्या संकेतस्थळावर चढण्याआधी आम्ही त्या खऱ्या की खोट्या हे ठरवतो. विकणाऱ्याचा मजकूर आणि गाडीचे बारा फोटो एवढंच समोर असतं. आम्ही दोघींनी एकमेकींशी न बोलता कागदाच्या पट्टीवर 'खरी' किंवा 'खोटी' लिहायचं, खाली कारण आणि फोटोचा क्रमांक, मग घडी करून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. चार वाजता मास्तर डबा उघडतात. दोन्ही पट्ट्या जुळल्या तर निकाल लागला. नाही जुळल्या तर मास्तर रंगाची जाडी मोजायचं यंत्र खिशात घालून स्वतः गाडी बघायला जातात.

माझं शिक्षण भौतिकशास्त्रातलं, त्यातही प्रकाशाचं. पत्रा कितीही चकचकीत केला तरी त्यात पडलेलं प्रतिबिंब खोटं बोलत नाही. खिडकीच्या गजाची सरळ रेघ दारावर मध्येच वाकलेली दिसली की तिथे पत्रा ठोकून वर पुट्टी भरली आहे असं समजावं. नऊ वर्षं मी अशा रेघा बघत आले.

नवी याआधी गाड्या विकायच्या दुकानात होती. ती फोटो जेमतेम चाळायची आणि सरळ विकणाऱ्याला फोन लावायची.

"काका, गाडी गेल्यावर सगळ्यात आधी काय चुकल्यासारखं वाटेल हो?"

मग ऐकत बसायची. माझ्या टेबलापर्यंत पलीकडचा आवाज यायचा. एकजण म्हणाला, डाव्या दाराची करकर. दुसरा म्हणाला, थंडीत ती पहिल्या झटक्यात सुरूच होत नाही, तिला शिव्या घालायची सवय लागली आहे. नवी पट्टीवर लिहायची, 'खरी. गाडीची खोड सांगताना हसले.' आणि जो नुसती स्तुती करायचा त्याच्या नावावर 'खोटी'.

"हे काय मापन झालं?" मी एकदा मास्तरांना विचारलं.

"मापन नाही खरं," मास्तर म्हणाले, "पण बरोबर येतंय ना!"

बरोबर येत होतं, हेच तर दुखणं होतं. शिवाय ती आल्यापासून मास्तर हसायला लागले होते. नऊ वर्षांत माझ्या चहात साखर किती हे त्यांना कधी ठाऊक नव्हतं. तिला तिसऱ्याच दिवशी म्हणाले, "तुला दीड चमचा, बरोबर?" टायरवाला मला जिन्यात भेटला की मान हलवायचा. ती भेटली की थांबून आपल्या मेहुण्याच्या कागाळ्या सांगायचा.

घरी जेवताना मी हे सगळं क्रमाने सांगितलं. नवरा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आज ती चौथ्यांदा जेवायला आली आपल्याकडे."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. भाजी वाढ."

त्याच सुमारास मास्तरांनी जाहीर केलं की यापुढे गाड्या बघायला ते जाणार नाहीत. "या गाड्यांत बसता येतं, उठायला क्रेन लागते," ते गुडघे चोळत म्हणाले. "एक तारखेपासून पाहणीला तुमच्यातली एक जाईल. महिनाभर पट्ट्या मोजू. जिथे तुमचं जुळणार नाही तिथे जिची बरोबर, तिला एक गुण."

पाहणी म्हणजे गाडी प्रत्यक्ष बघायची, हात लावायचा आणि चालवून बघायची. मी हजारो स्पोर्ट्स कार तपासल्या होत्या आणि एकीतही बसले नव्हते. कोणत्या गाडीच्या सीटची कड किती वर्षांनी फाटते हे मला माहीत होतं, पण त्या सीटवर बसल्यावर रस्ता कसा दिसतो हे माहीत नव्हतं. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की मी कोणाला सांगितलं नाही.

महिना संपायला एक दिवस उरला तेव्हा तिचे सहा गुण होते आणि माझेही सहा.

शेवटची जाहिरात दाताच्या डॉक्टरांची होती. पिवळी, दोन सीटची गाडी. 'फक्त सुट्टीच्या दिवशी चालवली. अपघात नाही. कायम झाकून ठेवलेली.' मी बारा फोटो दोनदा बघितले. सगळ्या रेघा सरळ, टायरवरची तारीख मीटरच्या आकड्याशी जुळणारी, पेडलचं रबर जितकं झिजायला हवं तितकंच झिजलेलं. गाडी खरी होती. मी पट्टी लिहायला वही ओढली.

वही आमची एकच. नवी आपली पट्टी फाडून, डब्यात टाकून चहाला गेली होती. ती पेन दाबून लिहिते. टेबलावरचा दिवा बाजूने कागदावर पडला होता आणि कोऱ्या पट्टीवर बारीक सावल्या उमटल्या होत्या. तिरप्या प्रकाशात कागदावरचा दाब वाचता येतो, हे मी कॉलेजात स्वतः करून बघितलेलं आहे. मी दिवा थोडा आणखी खाली केला. अक्षरं आली: 'खरी.'

मीही 'खरी' लिहिलं असतं तर सहाला सहा. मास्तरांनी चिठ्ठी टाकली असती किंवा मनाला वाटेल तिला जागा दिली असती, आणि ते मन कुठे झुकलं होतं हे मला दीड चमच्यापासून माहीत होतं.

वेगळं लिहिलं तर निदान नशिबाची एक संधी होती. मी 'खोटी' लिहिलं. मग कारण हवं होतं. गाडी मागे घेताना सगळ्यात जास्त वेळा ठोकला जातो तो मागचा डावा कोपरा, एवढा नऊ वर्षांचा हिशेब माझ्यापाशी होता. मी लिहिलं, 'फोटो सात. मागच्या डाव्या चाकावरच्या पत्र्यात प्रतिबिंबाची रेघ तुटते.' फोटो सातमध्ये रेघ तुटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. मास्तरांनी यंत्र बॉनेटवर टेकवलं, एकशे दहा मायक्रॉन, म्हणजे मूळचा रंग. दार, एकशे पंधरा. छप्पर, एकशे आठ. नवी डॉक्टरांशी त्यांच्या मांजराबद्दल बोलत होती. मग मास्तर वाकले आणि यंत्र मागच्या डाव्या चाकावरच्या पत्र्याला लावलं.

सहाशे चाळीस.

त्यांनी पुन्हा लावलं. सहाशे बावन्न.

"डॉक्टर," मास्तर कंबर धरून उठत म्हणाले, "दात भरलाय की गाडी?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. "आमच्या हिने फाटकाला घासली होती हो. तो काय अपघात म्हणायचा?"

परत येताना मास्तर माझं कौतुक करत होते. मी गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होते. खोटं लिहिलं होतं आणि ते खरं निघालं होतं. माझ्या शिक्षणात अशा निकालाला योगायोग म्हणतात आणि तो वहीतून खोडतात. मी खोडला नाही.

"ताई," मागच्या सीटवरून नवी म्हणाली, "मला ती रेघ शिकवा ना."

तिच्या आवाजात कुसकटपणा असता तर मला सोपं गेलं असतं. तो नव्हता.

पाहणीची जागा मला मिळाली, पण दोन आठवड्यांनी. मास्तरांनी एक तारखेऐवजी पंधरा तारीख ठरवली होती, कारण नवीला टेबल एकटीने सांभाळायची सवय व्हायला हवी होती. या दोन आठवड्यांत पट्टी फक्त ती लिहिणार आणि तिचाच निकाल धरणार. मी तिला शिकवायचं. मी तिला सांगितलं, "प्रकाश कुठून येतो ते आधी बघ. मग रेघेवरून नजर हळू फिरव." यातलं काहीच चूक नव्हतं. फक्त ते फोटो सातवर लागू नव्हतं.

ती जेवणाचा डबा उघडा ठेवून, एका हाताने पोळी खात फोटो सात बघत बसायची. मोठा करून, उलटा करून, भिंग लावून. तिने फोन करणं थांबवलं. टायरवाला वर डोकावला तर त्यालाही "काका, नंतर" म्हणाली. चौथ्या दिवशी ती खुर्चीतून जवळजवळ उडालीच.

"दिसलं! ताई, दिसलं! ही बघा, इथे. केसाइतकी."

मी तिच्या बोटापाशी बघितलं. तिथे काही नव्हतं.

"हं," मी म्हटलं.

त्यानंतर तिला सगळीकडे रेघा दिसायला लागल्या. त्या आठवड्यात तिने तीन गाड्या 'खोट्या' ठरवून परत पाठवल्या. तिन्ही गाड्यांचे फोटो मी संध्याकाळी, ती गेल्यावर बघितले. तिन्ही खऱ्या होत्या. मी संगणक बंद केला आणि घरी गेले. त्या दिवशी जेवताना मी तिचा विषय काढला नाही. नवऱ्याने दोनदा माझ्याकडे बघितलं.

मला आनंद झाला होता. तो अंगात चढणाऱ्या उबेसारखा होता आणि रात्री झोप चांगली लागली.

सोमवारी एक निवृत्त बसचालक जिना चढून आले. हातात कागदांची पिशवी, शर्टाची वरची गुंडी लावलेली. त्यांची हिरवी गाडी नवीने शुक्रवारी परत पाठवली होती.

"पस्तीस वर्षं बस चालवली," ते उभ्यानेच म्हणाले. "निवृत्त झाल्यावर हीच एक हौस केली. हिला साधा ओरखडा नाही. आता डोळ्यांचं ऑपरेशन आहे, विकणं भाग आहे. गिऱ्हाईक तयार होतं. तुम्ही खोटी म्हटल्यावर तो म्हणतो, काका, तुमच्यावर विश्वास होता हो. मला एवढंच सांगा, मी खोटं काय लिहिलं?"

मास्तरांनी नवीकडे बघितलं. तिने फोटो समोर लावला. "इथे, दारावर. रेघ तुटते."

"मला तर नाही दिसत, बाळा."

"मलाही आधी दिसत नव्हती, काका. सवय लागते. ताईंनी शिकवलं. पिवळ्या गाडीच्या फोटो सातमध्ये होती ना, अगदी तशीच आहे." ती माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही बघा. तुम्ही नाही म्हणालात तर मी आत्ता मागे घेते."

मी बघितलं. दारावर समोरच्या खिडकीची चौकट पडली होती. चारही कडा सुतासारख्या सरळ. नुसतं 'नाही, इथे नाही' म्हणून भागलं असतं. गाडी सुटली असती, माझी जागा राहिली असती. पण ती उद्या पुन्हा फोटो सात उघडून बसली असती, आपलं कुठे चुकलं ते शोधत. तिचा हेवा करताना मला कधी लाज वाटली नव्हती. चुकीचं मापन शिकवल्याची मात्र वाटली, आणि ती इतक्या लोकांसमोर वाटली की तोंड आपोआप उघडलं.

"ही गाडी खरी आहे," मी म्हटलं. "मागच्या आठवड्यातल्या बाकीच्या दोन्हीही खऱ्या आहेत. आणि फोटो सातमध्ये रेघ नव्हती."

"कुठल्या फोटो सातमध्ये?" मास्तरांनी विचारलं.

"डॉक्टरांच्या. मी तिची पट्टी वाचली होती. वहीवर दाब उमटला होता. मला वेगळं लिहायचं होतं म्हणून मी खोटी लिहिलं. कोपरा अंदाजाने निवडला."

बसचालक पिशवी छातीशी धरून आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना काही कळलं नसावं, पण आपली गाडी खरी ठरली एवढं कळलं, आणि ते खुर्चीवर बसले.

नवीने दारावरच्या त्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मग मला दिसलं ते काय होतं?"

"काही नव्हतं."

"मला खरंच दिसत होती हो ती."

"माहीत आहे."

"तुम्ही 'हं' म्हणालात." तिचा आवाज चढला नाही. "मी चार दिवस जेवताना तो फोटो बघितला आणि तुम्ही शेजारी बसून तुमचा डबा खाल्लात. चांगलं शिकवलंत, बाई."

तिने मला पहिल्यांदाच बाई म्हटलं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. बाकीच्या दोन्ही गाडीवाल्यांना मी स्वतः फोन करून माफी मागायची, असं सांगितलं. मग कपाटातून जाडी मोजायचं यंत्र काढलं आणि माझ्यासमोरून नेऊन नवीच्या हातात दिलं. "काका गाडी घेऊनच आले आहेत. खाली जा, मोज, चालवून बघ. पाहणी आजपासून तुझ्याकडे."

ती यंत्र घेऊन, बसचालकांना वाट देत खाली उतरली. जिन्यात तिचा आवाज आला, "काका, गाडी गेल्यावर सगळ्यात आधी काय चुकल्यासारखं वाटेल हो?" ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.

मी पहिला फोन लावायला हवा होता. मी खिडकीशी गेले. खाली हिरवी गाडी उन्हात उभी होती, फोटोत दिसली होती त्यापेक्षा बरीच ठेंगणी. टायरवाला हात पुसत बाहेर आला होता. नवीने दारावर, छपरावर यंत्र टेकवलं, वहीत आकडे लिहिले. मग बसचालकांनी किल्ली तिच्यासमोर धरली आणि स्वतः वळसा घालून शेजारच्या सीटवर बसले. तिने दार उघडलं, आधी पाय घालायचे की आधी बसायचं हे न कळून ती थबकली, टायरवाल्याने काहीतरी सांगितलं आणि तिघंही हसले.

इंजिन सुरू झालं. माझ्या खिडकीची काच थरथरली. गाडी रस्त्याला लागली, वेग धरू लागली आणि वळणापाशी नवीने दुसरा गिअर टाकला. तो इतक्या जोरात करकरला की रस्त्यावरच्या दोघांनी वळून बघितलं.

मला फार बरं वाटलं.